गाठ म्हणजे बेल

मलकापुरात कापसाच्या गाठीला गाठच म्हणतात. जिनात सरकी निघते, प्रेसमध्ये रुई दाबून तिची गाठ बांधतात, गाठी मालगाडीच्या वाघिणीत भरतात आणि वाघिणी मुंबईला जातात. हमाल म्हणतो गाठ, दलाल म्हणतो गाठ, स्टेशनातला मालबाबूही म्हणतो गाठ. उकंडराव मात्र बेल म्हणायचा. इंग्रजी पत्रात लिहायचा ते ठीक होतं, पण मराठी बोलतानाही. "आज किती बेल झाले?" नव्या माणसाला वाटे, लेटरबाबू झाल्यापासून याला शिंगं फुटली. जुनी माणसं काही बोलत नसत.

उकंडरावच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून तो जन्मला तेव्हा सुईणीने त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला आणि आईने पदरातल्या मूठभर जोंधळ्यावर त्याला परत विकत घेतला. उकिरड्यावरचं पोर यमाला नको असतं, अशी तिकडे समजूत. नाव पडलं उकंडा. यमाने खरंच त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या आजूबाजूला मात्र पाहत राहिला.

प्रेसमध्ये तो मार्केवाला होता. बांधून पडलेल्या गाठीवर पत्र्याचा साचा ठेवायचा, काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा. साचा उचलला की गोणपाटावर इंग्रजी अक्षरं उमटत. मराठी सातवी झालेला, वरती इंग्रजीची दोन पुस्तकं वाचलेला, मग शाळा सुटलेली. आपणच उमटवलेली अक्षरं त्याला वाचता येत. ती काय म्हणतात हे कळत नसे. रंग नखांत शिरून बसला होता आणि कितीही घासला तरी निघत नव्हता.

मार्केवाल्याचं काम हंगामापुरतं. दिवाळीनंतर गाड्या येऊ लागत आणि उन्हाळा लागला की प्रेसचा भोंगा बंद. पावसाळ्यात घरात दोन पोटं चालत नसत. मग उकंडराव बायकोला, कोकिळेला, धामणगाव बढ्याला तिच्या माहेरी धाडून द्यायचा. दरसाल. माहेर म्हणजे भावजयीचं घर. तिथून ती येई तेव्हा अंगाने सुकलेली असे आणि बोलण्यात काही दिवस एक प्रकारचा सावधपणा असे, जसं उष्ट्या हाताने जपून भांडं उचलावं. उकंडरावला ते दिसे. त्याला मूलबाळ नव्हतं, शेत नव्हतं. जे होतं ते दर मिरगाला बैलगाडीत बसवून परत करावं लागे.

एक साल उन्हाळ्यात कचेरीच्या दाराला नोटीस लागली. प्रेस मुंबईच्या एका गोऱ्या कंपनीची होती आणि मध्यप्रांत-वऱ्हाडची तिची कचेरी अकोल्याला होती. कंपनीला प्रत्येक प्रेसमध्ये एक लेटरबाबू पाहिजे होता, आणि तो शक्यतो आपल्याच माणसांतला. भादव्यात अकोल्याला परीक्षा. व्यापारी पत्र मोठ्याने वाचायचं, शब्दांचे अर्थ सांगायचे, पत्राला उत्तर लिहायचं. पास होईल त्याला बारमाही काम.

उकंडरावने त्या नोटिशीतला एकच शब्द घरी नेला.

"बारमाही," तो कोकिळेला म्हणाला. "या साली तू माहेरी जाऊ नको. शब्द इचारीन असं कोनीतरी पाह्यजे मले."

"मले कोठं वाचता येते?"

"वाचू नको. आयक अन् ध्यानात ठेव."

त्याने शाळेच्या जुन्या मास्तरांकडून व्यापारी पत्रांचं एक पुस्तक आणलं. पुस्तकाच्या शेवटी शब्दांची यादी होती. त्याने अर्थ मराठीत लावले, कोकिळेला शब्द आणि अर्थ दोनचार वेळा वाचून दाखवले, आणि तिने ते गौराईच्या गाण्यासारखे क्रमाने पाठ केले. दिवेलागणीला ती दारात बसे. एका हाताला पितळी ताट, पुढ्यात कापूस. देवाच्या वाती करायला ती सरकी काढत असे. एक शब्द सांगायची. बरोबर उत्तर आलं तर सरकी ताटात, चुकलं तर जमिनीवर. यादीतला पहिला शब्द गाठ. तो तिने उच्चारला की अभ्यास सुरू झाला असं समजायचं.

"गाठ."

"बेल."

"बेल महादेवाले वाह्यतेत."

"थो बेल येगळा. हा इंग्रजी."

"वजन."

"वेट."

"नमुना."

"सॅम्पल."

"भाव."

"रेट. प्राइसबी चालते."

"दोन दोन? येकच सांगा. साहेब इचारीन तवा काय दोनी मुठी पुढं करसान?" आणि ती सरकी हातातच धरून बसे, तो एक शब्द पक्का करीपर्यंत.

भाव, हमी, विलंब, खेद, नुकसान, भरपाई. यादी अशी उतरत जाई. नंतर तो पुस्तकातली पत्रं मोठ्याने वाचायचा आणि ती मधेच अडवायची.

"वी बेग म्हंजे?"

"आमी भीक मागतो. वी बेग टू अ‍ॅक्नॉलेज. तुमचं पत्र पोचलं, असं सांगाची आमी भीक मागतो."

"गोरे लोक भीक मागतेत?"

"कागदावर. अन् फेवर म्हंजे पत्र."

"परवा तं मेहेरबानी म्हनलं होतं."

"येपारात पत्रच म्हंतेत."

तिने सरकी ताटात टाकली. "मंग माह्या भावानं साल झालं मेहेरबानी केली नाई."

दोघंही हसले. भिंतीपलीकडे फकीर मोहम्मद पिंजाऱ्याचं घर होतं. पिंजणीची तार थांबली आणि त्याची बायको चांदबी ओरडली, "क्या हुआ गे? हसने की परीक्षा है क्या?"

प्रेसमध्ये त्या दिवसांत यंत्रांना तेलपाणी चाले. उकंडराव त्यात मजुरीला जाई आणि सांधे पुसता पुसता ओठांत शब्द घोळवी. हमालांचा मुकादम पुंजाजी त्याला सोडत नसे.

"काहो लेटरबाबू, हे बेल कोन्या महादेवाले वाह्याचे?"

"मुंबईच्या."

"अन् त्याचे नंदी आपुन," पुंजाजी म्हणायचा, आणि आपल्याच खांद्यावरचा घट्टा दाखवायचा. सगळे हसत. उकंडरावही. हसता हसता त्याच्या ओठांत पुढचा शब्द चालू असे.

आषाढात एक दिवस न्हाताना कोकिळेच्या हाताला ती लागली. डाव्या छातीत, काखेकडे. चिंचोक्याएवढी. दाबली तर सरकत नव्हती. तिने आधी चांदबीला सांगितलं, कारण बाईला सांगता येतं.

चांदबीने दार लावून पाहिलं. "दुखता?"

"नाई."

चांदबीने हात काढून घेतला. तिची एक मावशी अशीच गेली होती. "दुखता तो अच्छा था," ती म्हणाली. मग तिने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "रुई में गुठली आई तो मैं चुटकी से निकाल के फेंक देती. इसको कैसे निकालूँ? घरवाले को बोल. अकोले में जनाना डाक्टरीन है."

"परीक्षा हाय त्यायची."

"परीक्षा अगले साल फिर आएगी."

"अन् काय म्हनू त्यायले? कोठं हाय म्हनू?"

नवरा-बायकोत तेव्हा शेकडो नवे शब्द आले होते. हमी, भरपाई, जहाजाचं भाडं. पण तिच्या अंगाच्या त्या भागाला दोघांत नावच नव्हतं. अंधारातल्या गोष्टीला दिवसाचं नाव नसतं.

तरी तिने सांगितलं. श्रावणातला सोमवार होता, तिचा उपास होता. उकंडराव भिंतीला टेकून पुस्तक मांडीवर घेऊन पुटपुटत होता. कोकिळा समोर येऊन बसली. ताट आणलं नव्हतं, कापूस आणला नव्हता.

"आयकता का?"

"हं."

"गाठ हाय."

त्याने मान वर केली. इतके दिवस ती शब्द सांगत होती. आज वाक्य सांगितलं होतं.

"देअर इज अ बेल," तो म्हणाला. त्याचे डोळे चमकले. "हेच पाह्यजे मले. नुसते शब्द नाई इचारत थे, वाक्य इचारतेत. सांग, आनखी सांग."

तिचा हात पदराआड होता.

"येकच हाय," ती म्हणाली. "लहान हाय."

"देअर इज वन स्मॉल बेल."

"कडक हाय."

"इट इज..." तो अडला. मग त्याला प्रेसमधला शब्द आठवला, जो त्याने साच्यातून गोणपाटावर उमटवला होता. "हार्ड प्रेस्ड. इट इज हार्ड प्रेस्ड! पाह्य, आलं का नाई?"

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. काळ्या नखांची बोटं पुस्तकावर नाचत होती. इतकं उजळलेलं ते तोंड तिने लग्नात पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. त्या तोंडावर पाणी ओतायचं म्हणजे फार मोठा हात लागतो. तो तिला नव्हता.

"आलं," ती म्हणाली. उठली, ताट घेऊन आली. "वजन."

"वेट."

दुसऱ्या दिवशी चांदबीने भिंतीवरून विचारलं, "बोली?"

"बोलली."

"क्या बोले?"

"इंग्रजी बोलले," कोकिळा म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसत राहिली. चांदबी हसली नाही.

तिने आणखी एकदा वाट शोधली. परीक्षेला आठवडा उरला होता. ती त्याच्या सदऱ्याला गुंडी लावत होती. "मलेबी घेऊन चला अकोल्याले."

"कायले?"

डॉक्टरीण हा शब्द तिच्या जिभेवर होता. "पाह्यला नाई अकोला," ती म्हणाली.

"परीक्षा हाय वं, जत्रा नाई. तू संग असली तं माह्यं ध्यान तुह्यापाशी राह्यीन. पास झालो का नेतो. नवं लुगडं नेसवून नेतो."

तिने दाताने दोरा तोडला. "मंग लवकर पास व्हा."

अकोल्याच्या कचेरीत बाकांवर वेगवेगळ्या प्रेसची माणसं बसली होती, काही कोट घातलेली. उकंडराव हात खिशात घालायला पाहत होता, पण सदऱ्याला खिसा नव्हता. आत एक गोरा साहेब होता आणि त्याच्याजवळ एक म्हातारे पारशी बाबू. बाबूंनी त्याच्यापुढे एक पत्र सरकवलं. नुकसानीबद्दल तक्रारीचं पत्र होतं. त्याने वाचायला घेतलं. वी बेग आला, फेवर आला, त्याचा आवाज ठरल्या वाटेने निघाला. मग वाक्य आलं: द बेल अपिअर्ड साउंड ऑन द आउटसाइड. द डॅमेज वॉज फाउंड विदिन.

"मराठीमां बोलो," पारशी बाबू म्हणाले.

"गाठ वरून चांगली दिसत होती," उकंडराव म्हणाला. "नुकसान आतमधे निघालं."

आणि तो थांबला. घरी इतक्या दिवसांत गाठ हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नव्हता. तो नेहमी ती उच्चारायची. त्याचं काम बेल म्हणायचं. आज पहिल्यांदा तो त्याच्या तोंडातून निघाला आणि निघाला तो तिच्या आवाजात. गाठ हाय. येकच हाय. लहान हाय.

प्रेसची गाठ लहान नसते. सगळ्या सारख्या असतात, एका साच्यातल्या, एका वजनाच्या. हे मलकापुरातल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे. मार्केवाल्याला ठाऊक नव्हतं? लहान गाठ त्याने कुठे पाहिली होती? पुस्तक त्या संध्याकाळी त्याच्याच मांडीवर होतं. तिच्यापुढे ताट नव्हतं. तिचा हात पदराआड होता, डावीकडे. कडक हाय, ती म्हणाली होती, आणि त्याने तिला इंग्रजी सांगितलं होतं.

"गो ऑन," साहेब म्हणाला.

त्याला उठून जावंसं वाटलं. पण पाठ केलेलं तोंड थांबत नाही. ते पुढचं वाक्य वाचू लागलं, त्याच्या पुढचंही. मग त्याने उत्तर लिहिलं. आम्हांला विलंबाबद्दल खेद आहे, असं इंग्रजीत लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

संध्याकाळच्या पॅसेंजरने तो परतला. शेगाव गेलं, जलंब गेलं, नांदुरा गेलं. दर स्टेशनात गाडी थांबे आणि त्याला वाटे, ही आता हलणार नाही. घरी कोकिळेने चूल पेटवली होती. तिने पाणी आणून दिलं.

"कशी गेली?"

"कोठं हाय?" तो म्हणाला.

काय, असं तिने विचारलं नाही. दार ओढून घेतलं. त्याचा हात धरला आणि पदराआड नेऊन ठेवला. ती आता चिंचोक्याएवढी राहिली नव्हती. तिच्यावरची कातडी आत ओढली गेली होती. उकंडराव हात मागे घेऊ लागला, तसा तिने तो वरून दाबून धरला, जणू काही दुखत होतं ते त्यालाच.

"तू काऊन सांगतलं नाई?"

"सांगतलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला पुढे आयुष्यभर पुरलं.

दुसऱ्याच दिवशी तो तिला अकोल्याला घेऊन गेला. नवं लुगडं नव्हतं. डॉक्टरीणबाई ख्रिस्ती होत्या. कोकिळेशी मराठीत बोलल्या, हळू हाताने तपासलं, पडदा सारून बाहेर आल्या आणि उकंडरावकडे पाहून त्यांनी भाषा बदलली.

"यू अंडरस्टँड इंग्लिश?"

"यस, मॅडम."

ज्या भाषेसाठी त्याने उन्हाळा आणि पावसाळा घालवला, ती पहिल्यांदा इथे कामाला आली.

"देअर हॅज बीन टू मच डिले," बाई आवाज खाली घेऊन म्हणाल्या. "इट हॅज स्प्रेड. आय रिग्रेट..."

पडद्याआड कोकिळा चोळीची गाठ मारत होती.

"विलंब," ती म्हणाली.

बाईंनी मागे वळून पाहिलं.

"अन् खेद," पडद्याआडून आवाज आला. अगदी रोजचा. दिवेलागणीचा.

स्टेशनावर गाडीला वेळ होता. ती गठुडं मांडीवर घेऊन बाकावर बसली होती, तो उभा होता. अकोल्याची माणसं इकडून तिकडे जात होती आणि ती त्यांच्याकडे पाहत होती. अकोला पाहायचा होता ना तिला.

"डिले आला मले," ती म्हणाली. "रिग्रेट आला. स्प्रेड नाई आला. थो आपल्या पुस्तकात नव्हता."

तो रुळांकडे पाहत राहिला.

"सांगा ना. काय म्हंतेत त्याले?"

"पसरनं," तो म्हणाला. मग घाईने, "म्हंजे अंथरनं. सतरंजी अंथरतेत तसं."

"हाव? मंग निजाचंच हाय म्हना." ती त्याच्याकडे पाहून हसली. "दोन आले, येक गेला. पास झाली का नाई मी?"

तिने त्याच्या सदऱ्याची बाही ओढून त्याला शेजारी बसवून घेतलं.

निकाल दसऱ्याच्या आधी आला. उकंडराव पास झाला होता. त्याने नोकरी नाकारायचं ठरवलं. तसं तिला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा रागावली. "इतके दिस म्या कायले सरकी काढली? बारमाही भेटली तं घ्या. आता मले कोनी माहेरी धाडू शकत नाई." त्यात टोमणा होता की नुसतं खरं होतं, हे त्याला कळलं नाही. तो कचेरीत लेटरबाबूच्या टेबलाशी जाऊन बसला. दिवसभर परगावच्या तक्रारींना उत्तरं लिहायचा. माल भिजला त्याबद्दल खेद, वजन कमी भरलं त्याबद्दल खेद, विलंबाबद्दल खेद. कंपनीच्या वतीने तो रोज कुणाची तरी क्षमा मागत असे आणि कागदावर ती मिळतही असे.

दिवाळी गेली. कापसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या. कोकिळा आता अंथरुणावरच होती. डावा हात सुजून जड झाला होता. तो टेकायला चांदबीने एक उशी करून दिली होती. त्या उशीसाठी फकीर मोहम्मदने रुई दोनदा पिंजली होती. "एक भी गुठली नहीं है इसमें," चांदबी म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

एका संध्याकाळी कोकिळा म्हणाली, "पुस्तक आना."

"आता काय करतं पुस्तकाचं?"

"घर लई मुकं झालं. आना."

त्याने पुस्तक आणलं. ताट आणलं, त्यात थोडा कापूस ठेवला. उजव्या हाताने तिने एक बोंड सोडवायला घेतलं. तो भिंतीला टेकून बसला आणि पहिल्या शब्दाची वाट पाहू लागला. अंगावर दगड पडणार हे ठाऊक असून माणूस जसा बसतो, तसा. यादी त्याच शब्दाने सुरू व्हायची. दुसरी सुरुवात त्यांना माहीत नव्हती.

कोकिळेने त्याच्याकडे पाहिलं.

"वजन," ती म्हणाली.

त्याने यादीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "पयला शब्द राह्यला."

"राहू द्या त्याले. थो आला तुमाले." तिने कापसातून सरकी ओढली. "वजन."

"वेट."

सरकी ताटात पडली.

पुढे जितके दिवस मिळाले तितके दिवस अभ्यास वजनापासून सुरू झाला. नमुना, भाव, हमी. यादी खाली जाई तसा तिचा आवाज बारीक होई. शेवटी शेवटी ती शब्द नुसता ओठांनी सांगायची आणि तो ओठ वाचून उत्तर द्यायचा. वाचन त्याला पक्कं येऊ लागलं होतं.

पौषात ती गेली. जिनाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती, वाट नव्हती. पुंजाजी पुढे धावला, बैलांच्या वेसणी धरून धरून त्याने गाड्या एका अंगाला घेतल्या आणि डोक्याचं पागोटं काढून उभा राहिला. गाड्यांतला कापूस दोन्ही बाजूंना भिंतीसारखा पांढरा होता. त्यामधून तिला नेलं.

त्यानंतरही दिवेलागणीला भिंतीपलीकडे आवाज येत असे. वेट. मग थोडं थांबून, सॅम्पल. मग थांबून, रेट. मधल्या जागा मोकळ्या. चांदबी ऐकत बसे. एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "सुनते क्या? खाली जवाब देते बैठते. सवाल करनेवाली गई."

तेरावा झाल्यावर उकंडराव कामावर आला. प्रेसच्या अंगणात माल रचून ठेवला होता आणि मुंबईच्या पत्राला उत्तर जायचं होतं. तो दारात येऊन पुंजाजीला विचारू लागला.

"पुंजाजी, आज किती..."

तो थांबला. सगळ्या हमालांनी वर पाहिलं. शब्द समोरच पडला होता, एकावर एक रचलेला, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेला, छपराच्या उंचीपर्यंत. त्याने दोनदा तोंड उघडलं. कोकिळेने वगळलेला शब्द परत यादीत ठेवायचा अधिकार त्याला नव्हता.

"आज किती बेल झाले?" तो म्हणाला.

एका तरण्या हमालाने तोंड पुसलं आणि महादेवाचं काहीतरी काढणार, तेवढ्यात पुंजाजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात जड होता.

"मोजून सांगतो, बाबू," पुंजाजी म्हणाला. मग वळून म्हणाला, "चला बे. बेल उचला."